शरीराला विचारलेले प्रश्न

अकरावीच्या पहिल्या तासाला मी मुलांना दहा प्राण्यांची नावं लिहायला सांगत असे. वाघ, हत्ती, कुत्रा, मोर, नाग, कासव, एखादा मासा. कागद गोळा करून वाचायला घेतले की जवळजवळ प्रत्येक नावाला पाठीचा कणा असायचा. मुंगी किंवा फुलपाखरू लिहिणारं मूल विरळा, गांडूळ लिहिणारं त्याहून विरळा. शास्त्राने आजवर नोंदवलेल्या प्राण्यांच्या जाती साधारण १५ लाख आहेत. त्यातले एकटे कीटकच १० लाखांच्या वर जातात. कणा असलेले सगळे, म्हणजे मासे, बेडूक, साप, पक्षी आणि आपण, मिळून ७० हजारांच्या आसपास. ‘प्राणी’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे उभं राहतं, तो प्राणिसृष्टीचा विसावा भागही नाही.

पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अनेक वर्षं जीवशास्त्र शिकवलं. आता शिकवत नाही, पण भाची दहावीला आहे आणि ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ हा धडा घेऊन ती संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसते. तिच्या वहीत एक तक्ता आहे. रंध्रीय, निडारिया, चपटे कृमी, गोलकृमी, वलयांकित, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी, अर्धसमपृष्ठरज्जू, समपृष्ठरज्जू. दहा संघ, म्हणजे प्राण्यांचे दहा मोठे गट, आणि प्रत्येकापुढे सममिती, जननस्तर, देहगुहा, खंडीभवन असे रकाने. ती तो तक्ता एका दमात म्हणते. “मावशी, ह्यातलं नक्की काय विचारतात गं?” असं तिनं विचारलं, तेव्हा मनात आलेलं सगळं तिला सांगता आलं नाही; तिची क्लासची वेळ झाली होती. ते इथे लिहिते आहे.

त्या तक्त्यातला प्रत्येक रकाना हा कुणीतरी एका शरीराला विचारलेला प्रश्न आहे. तू एका जागी बसून जगतोस की चालून? तुझं अन्न तुझ्याकडे येतं की तुला त्याच्याकडे जावं लागतं? तुझं आतडं हललं की तुझी कातडीही हलते का? उत्तरं पाठ करून घेतो आपण, आणि प्रश्न कुणी सांगतच नाही. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ह्या धड्यातला सगळा आनंद प्रश्नांत आहे.

सगळ्यांत आधीचा प्रश्न म्हणजे हा प्राणी तरी आहे का? वाघाबद्दल हा प्रश्न पडत नाही. हायड्राबद्दल पडतो. १७४० च्या सुमारास हेग शहराजवळ अब्राहम ट्रेम्बले नावाचा एक शिक्षक घरच्या मुलांना शिकवता शिकवता डबक्यातलं पाणी काचेच्या बरणीत भरून निरखत असे. त्याला पानांना चिकटलेले हिरवे, काही मिलिमीटर लांबीचे जीव दिसले. रंग वनस्पतीचा, पण स्पर्शक हलतायत, अंग आखडतंय. त्यानं ठरवलं, कापून पाहू. कापून पुन्हा वाढली तर वनस्पती. दोन तुकडे केले आणि दोन्ही तुकड्यांतून अख्खे जीव उभे राहिले. पण त्याच जीवांना भक्ष्य पकडून गिळताना आणि प्रकाशाकडे सरकतानाही त्यानं पाहिलं होतं. शेवटी त्यानं त्यांना प्राणीच मानलं, आणि युरोपभर खळबळ उडाली. कारण कापला की मरतो तो प्राणी, ही समजूत तिथेच संपली.

मग उरतं काय? पेशीभोवती भित्तिका नाही. स्वतःचं अन्न स्वतः तयार करता येत नाही, दुसऱ्याला खाऊनच जगावं लागतं. शरीर अनेक पेशींचं, आणि त्या पेशींना एकत्र धरणारं कोलॅजन नावाचं प्रथिन. ही एवढी ओळख स्पंजपासून आपल्यापर्यंत सगळ्यांना लागू पडते. स्पंजचं मला विशेष अप्रूप आहे. पुण्याच्या परिसरातल्या नद्या-तळ्यांत गोड्या पाण्याचे स्पंज आहेत. दगडाच्या खालच्या अंगाला, बुडालेल्या फांदीवर एक खरखरीत थर दिसतो. बघणारा त्याला शेवाळ समजून पुढे जातो. त्याला तोंड नाही, पोट नाही, चेता नाही, स्नायू नाही. अंगभर छिद्रं, आत चाबकासारखी शेपूट हलवत पाणी ओढणाऱ्या पेशी, आणि त्या पाण्यातून गाळून घेतलेलं अन्न. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो मरून वाळतो, पण मरण्याआधी कठीण कवचाचे बारीक गोळे मागे ठेवतो, आणि पाणी आलं की त्यांतून नवा स्पंज वाढतो. १९०७ साली एच. व्ही. विल्सन ह्यांनी जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून गाळला. पेशी सुट्या झाल्या आणि काही काळानं एकमेकींना शोधत पुन्हा एकत्र आल्या, त्यांचा पुन्हा स्पंज झाला. ‘पेशीस्तर संघटन’ हे दोन शब्द भाचीच्या तक्त्यात एका चौकटीत बसलेत. त्या चौकटीत हा प्रयोग आहे.

सममितीचा रकाना सोपा वाटतो म्हणून मुलं पटकन पुढे जातात. पण तिथे जगण्याची तऱ्हा लिहिलेली असते. हायड्रा एका जागी चिकटून बसतो, जेलीफिश पाण्याबरोबर वाहत जातो. दोघांनाही अन्न कुठूनही येईल, संकटही कुठूनही. मग शरीर सगळ्या बाजूंना सारखं: अरीय. ज्याला एका दिशेला जायचं आहे, त्याला पुढे आणि मागे निर्माण होतं. जी बाजू आधी पुढे पोचते तिथे डोळे, स्पर्श, वास, तोंड आणि त्यांच्यामागे मेंदू जमा होतो. डोकं असणं हा चालण्याचा परिणाम आहे, असं मी वर्गात म्हणायची तेव्हा मागच्या बाकांवरचीही मुलं मान वर करायची. आपला चेहरा, आपली डावी-उजवी बाजू, आपल्याला पाठ असणं, हे सगळं कुठल्या तरी लहानशा कृमीनं समुद्राच्या तळाशी एका दिशेनं सरपटायला सुरुवात केली तेव्हापासूनचं आहे.

निडारियाबद्दल, म्हणजे हायड्रा-जेलीफिशच्या संघाबद्दल, एक गोष्ट पुणेकरांना माहीत असावी असं मला फार वाटतं. शंकर पुरुषोत्तम आघारकर मूळचे मालवणचे, पेशानं वनस्पतिशास्त्रज्ञ. सह्याद्रीत भटकताना त्यांना सातारा जिल्ह्यातल्या नदीच्या गोड्या पाण्यात जेलीफिश सापडला. त्या वंशाचा जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होता. लिम्नोक्निडा इंडिका हे त्याचं नाव, आणि ही १९११-१२ ची गोष्ट. पुढे १९४६ साली पुण्यात ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ उभी राहिली, तिचे ते संस्थापक संचालक. तीच आजची आघारकर संशोधन संस्था, आगरकर रस्त्यावरची. तिथून जाणाऱ्या रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना ते नाव ठाऊक आहे. वेण्णा-कोयनेच्या खोऱ्यात जेलीफिश पोहतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता देहगुहा, म्हणजे कातडी आणि आतडं ह्यांच्यामधली पोकळी. ह्या शब्दाशी येऊन मुलं अडखळतात, आणि माझ्या मते अख्ख्या धड्याचं काळीज इथेच आहे. पट्टकृमी कित्येक मीटर लांब वाढतो, पण जाडीला तो पुठ्ठ्याहून फारसा जाड होत नाही. का? त्याच्या अंगात पोकळी नाही. कातडीपासून आतपर्यंत सगळं भरीव. रक्त नाही, हृदय नाही. प्रत्येक पेशीला प्राणवायू आणि अन्न बाहेरून झिरपूनच मिळायचं. झिरपणं फार खोलवर पोचत नाही, म्हणून चपटं राहण्यावाचून इलाज नाही. ‘चपटे कृमी’ ह्या नावात त्यांची सगळी मर्यादा आली. गोलकृमींच्या, म्हणजे जंतांच्या, अंगात पोकळी आहे, पण ती आभासी: एका बाजूला स्नायूंचा थर, दुसऱ्या बाजूला आतड्याला तसं अस्तर नाही. आतला द्रव दाबाखाली असतो आणि स्नायू फक्त लांबीच्या दिशेचे. म्हणून जंताला आखडत-लांबत सरकता येत नाही, तो वळवळतो. इंग्रजी एस अक्षरासारखा नुसता इकडून तिकडे.

आणि मग गांडूळ. मृगाच्या पहिल्या पावसानंतर वेताळ टेकडीच्या पायवाटेवर किंवा सोसायटीच्या कुंडीतल्या मातीत बघा. गांडुळाच्या गर्भात मधला पेशीथर मधोमध दुभंगतो, फुगणाऱ्या फुलक्याचे दोन पापुद्रे सुटे व्हावेत तसा. एक पापुद्रा कातडीच्या बाजूला जातो, एक आतड्याच्या, आणि मधली जागा द्रवानं भरते. ही खरी देहगुहा. दोन्ही बाजूंना स्वतःचे स्नायू मिळाले. आता आतडं आपल्या गतीनं अन्न पुढे ढकलू शकतं आणि शरीर आपल्या गतीनं चालू शकतं. एकाचा दुसऱ्याला अडथळा नाही. त्यात गांडुळानं ह्या पोकळीचे शंभराहून जास्त कप्पे केले. एका कप्प्यातले गोल स्नायू आवळले की तो भाग बारीक आणि लांब होतो, लांबीचे आवळले की जाड आणि आखूड होतो. जाड झालेला भाग मातीत रुततो, बारीक झालेला पुढे घुसतो. हाड एकही नाही, तरी पाण्याच्या दाबावर तो जमीन नांगरतो.

ही पोकळी तुमच्या-माझ्या अंगात आहे. हृदयाभोवतीची, फुप्फुसांभोवतीची, पोटातल्या अवयवांभोवतीची जागा त्याच गर्भातल्या देहगुहेची वंशज आहे. हृदय आयुष्यभर धडधडतं आणि शेजारच्या कशालाही घासत नाही, ते ह्या पोकळीमुळे. जेवल्यावर आतडी हलत राहतात आणि आपण शांत बसून बोलू शकतो, तेही त्यामुळेच. ‘सत्य देहगुहा असते’ हे एका गुणाचं उत्तर लिहिताना मुलानं क्षणभर छातीवर हात ठेवावा असं मला वाटतं.

गांडुळावरून आठवलं. आपल्याच जिल्ह्यात खंडाळ्याला एक प्राणी आहे, आणि तो हातात घेतला तर दहातले नऊ जण त्याला गांडूळच म्हणतील. लांबट, बिनपायाचा, अंगावर वलयं, ओल्या मातीत राहणारा. त्याला देवगांडूळ म्हणतात. इंडोटायफ्लस बॅटर्सबी ही त्याची एक जात १९६० साली खंडाळ्याच्याच नमुन्यांवरून शास्त्राला कळली. तोंड उघडून पाहिलं तर जबडा आणि दात, आत मणक्यांची माळ. तो बेडकाचा नातेवाईक आहे, उभयचर. बाहेरून हुबेहूब वलयांकित, म्हणजे गांडुळाच्या संघातला; आतून समपृष्ठरज्जू, म्हणजे आपल्या संघातला. सारखं जगणं सारखं रूप घडवतं, आणि नातं आत दडून राहतं. वर्गीकरण करणाऱ्याला शरीर उघडून का पाहावं लागलं, ह्याचं ह्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

ज्यांना उदाहरणं टेबलावर मांडलेली हवीत त्यांनी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जावं. मी मुलांना घेऊन जायची. तिथे ‘मासळी’ ह्या एका नावाखाली तीन संघ शेजारी शेजारी बसलेले असतात. खेकडा आणि कोळंबी संधिपाद: सांध्यांचे पाय, कायटिनचं कवच, आणि वाढायचं तर कवच टाकून देणं भाग. विकणारी मावशी खेकडा उलटा करून पोटाखालची दुमडलेली पट्टी दाखवते, रुंद असली तर मादी. ती पट्टी म्हणजे त्याचं उदर, खाली मुडपून ठेवलेलं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मृदुकाय, आणि त्यांच्याच संघातला माकूळ, ज्यानं कवच आत घेतलं आणि वेगानं पोहायला सुरुवात केली. माकुळाच्या आत पारदर्शक पात्यासारखं जे सापडतं ते त्या जुन्या शिंपल्याचं उरलेलं रूप. त्याच कुळातल्या दुसऱ्या प्राण्याचं कवच आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात समुद्रफेन म्हणून मिळतं. मग मुशी आणि बोंबील. मुशी हाताला घट्ट लागते, तरी तिच्यात हाड नाही, सगळा सांगाडा कास्थींचा. कल्ल्यांवर झाकण नाही, नुसत्या चिरा. बोंबील हातातून गळून पडेल इतका लिबलिबीत, पण तो अस्थिमत्स्य. बोटांनी जे कळतं ते फसवू शकतं, हे मुलांना तिथे उभ्या उभ्या कळायचं.

नद्यांतले मासेही असेच आधी कोळ्यांना माहीत होते. कर्नल विल्यम हेन्री साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांवरचं लेखन १८३९ साली प्रसिद्ध केलं. त्यातले कितीतरी मासे मुळा-मुठेतले, इंद्रायणीतले, भीमेतले. त्यानं शास्त्रीय नावंही इथल्याच बोलीतून उचलली: शेंगटीची सींगटी झाली, इंद्रायणीतल्या एका माशाचं नुक्ता हे नाव तसंच राहिलं. पुण्याच्या पूर्वेला मिळालेला महसीरचा एक प्रकार आज जगभर टॉर खुद्री म्हणून ओळखला जातो. ज्या नद्यांकडे आपण नाक दाबून बघतो, त्या ह्या जातींच्या मूळ नोंदीचं ठिकाण आहेत. ती नोंद पुसता येत नाही, पण मासे नाहीसे होऊ शकतात, आणि होत आहेत.

कंटकचर्मींपाशी भाचीनं मला अडवलं. “तारामासा इतका साधा, त्याला मेंदूसुद्धा नाही. मग तो माकुळाच्या पुढे का? माकूळ तर हुशार असतो.” प्रश्न उत्तम होता. उत्तर गर्भात आहे. गर्भाचा पोकळ चेंडू आत वळतो तेव्हा पहिलं छिद्र तयार होतं. गांडूळ, खेकडा, माकूळ ह्यांच्या शाखेत साधारणपणे तिथे तोंड होतं. तारामाशाच्या शाखेत तिथे गुदद्वार होतं आणि तोंड नंतर दुसरीकडे फुटतं. आपण ह्या दुसऱ्या शाखेतले. तारामाशाची अळीही आपल्यासारखी द्विपार्श्व असते, पाच हात मागाहून येतात. तक्त्यातली जागा हुशारीवर ठरत नाही, नात्यावर ठरते. हुशार माकूळ आपला दूरचा, आणि बिनमेंदूचा तारामासा जवळचा.

समुद्रात खडकाला चिकटलेली, चामडी पिशवीसारखी दिसणारी ॲसिडियन तर त्याहून जवळची. ती पाणी आत घेते, गाळते, बाहेर सोडते. तिच्या आवरणात सेल्युलोजसुद्धा असतं, जे आपण वनस्पतींचं समजतो. पूर्वी तिला शिंपल्यांच्या गोतावळ्यात धरत. १८६६ मध्ये अलेक्झांडर कोवालेव्हस्की ह्या रशियन शास्त्रज्ञानं तिची अळी नीट पाहिली. बेडकाच्या पिल्लासारखी पोहणारी, आणि शेपटीत पृष्ठरज्जू. हा लवचीक दांडा आपल्यातही गर्भात तयार होतो आणि मग त्याच्या जागी मणके येतात. पण तो पूर्ण जात नाही. दोन मणक्यांमधल्या चकतीचा मऊ गाभा त्याच्यापासून बनतो. खड्ड्यांतून दुचाकी चालवून ज्यांची चकती सरकली आहे अशा पुणेकरांना डॉक्टर एमआरआयवर जे दाखवतात, तो ॲसिडियनच्या शेपटीशी असलेल्या आपल्या नात्याचा पुरावा आहे.

वर्गीकरणाचा इतिहासही प्रश्न बदलण्याचा इतिहास आहे. आपल्याकडे जरायुज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज अशी विभागणी झाली; तिथला प्रश्न, जन्म कसा झाला? ॲरिस्टॉटलनं विचारलं, रक्त लाल आहे का? लिनियसनं १७५८ साली दुधावरून सस्तन प्राणी वेगळे काढले, देवमाशाला माशांतून उचलून त्यांत बसवलं, पण कीटक सोडून बाकीचे बिनकण्याचे जवळजवळ सगळे ‘कृमी’ ह्या एका गटात टाकून दिले. १७९३ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात कीटक आणि कृमींचं अध्यासन लामार्कच्या वाट्याला आलं. तोवर तो वनस्पतींचा अभ्यासक होता आणि पन्नाशीला टेकला होता. त्यानं कीटक-कृमींचा तो ढिगारा उपसायला घेतला आणि त्यातून कवचधारी, कोळ्यांचा गट, वलयांकित असे वर्ग वेगळे काढले. लामार्क म्हटलं की आपल्याला फक्त जिराफाची मान आठवते. मला हे काम जास्त मोठं वाटतं.

तक्ता अजूनही बदलतो आहे. खंडीभवनावरून, म्हणजे अंगाचे एकामागून एक सारखे खंड असण्यावरून, गांडूळ आणि कीटक जवळचे, असं कितीतरी पिढ्या शिकल्या, मीही तेच शिकवलं. १९९७ मध्ये जनुकांच्या क्रमावरून दिसलं की कीटकांचं खरं नातं जंतांशी आहे: दोघंही वाढताना वरचं आवरण टाकतात. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात मगरीसमोर उभं राहिलात तर हे आठवा: ती सरड्यापेक्षा चिमणीच्या जवळची आहे. तिच्या हृदयाला चार कप्पे असणं पुस्तकात अपवाद म्हणून येतं. नात्याच्या बाजूनं, चार कप्प्यांच्याच हृदयाच्या पक्ष्यांशेजारी ठेवून पाहिलं तर त्यात अपवादात्मक काही नाही.

सध्याचा सगळ्यांत जोरदार वाद पहिल्या ओळीबद्दल आहे. प्राण्यांच्या वंशवृक्षावरून सर्वांत आधी फुटलेली फांदी स्पंजची, की टिनोफोरा नावाच्या, अंगावर केसलांच्या, म्हणजे सूक्ष्म केसांसारख्या तंतूंच्या, आठ रांगा हलवत तरंगणाऱ्या समुद्री जीवांची? टिनोफोराला चेता आहेत, स्नायू आहेत. ते पहिले असतील तर चेतासंस्था एक तर दोनदा निर्माण झाली, नाही तर स्पंजनं ती गमावली. २०२३ साली गुणसूत्रांवरच्या जनुकांची जुनी मांडणी तपासणाऱ्या अभ्यासानं टिनोफोराच्या बाजूनं कौल दिला. तो सगळ्यांनी मानलेला नाही.

भाचीला हे सांगितलं तर तिनं पेन खाली ठेवलं. “म्हणजे पहिली ओळच चुकीची असू शकते?” असू शकते, म्हटलं. परीक्षेत रंध्रीय संघच, म्हणजे स्पंजच, पहिला लिही. ती म्हणाली, “ते लिहीनच. पण चेता दोनदा तयार झाल्या की एकदा होऊन गेल्या, हे कळणार कसं?” त्यावर आम्ही बोलत बसलो, आणि त्या दिवशी ती क्लासला उशिरा पोचली.